उष्मांकांचा हिशेब आणि रोजचे पान

वजन कमी करण्याचा निश्चय करणे सोपे असते. तो दुपारच्या जेवणापर्यंत टिकविणे मात्र कठीण जाते. अशा वेळी बहुतेक माणसे दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण एखादा पदार्थ संपूर्ण वर्ज्य करतात. भात सोडतात, साखर सोडतात किंवा रात्रीचे जेवणच बंद करतात. इतर काही जण 'थोडे कमी खायचे' असे मोघम ठरवितात आणि महिन्याभरात पूर्वपदावर येतात. दोन्ही मार्गांत एक उणीव समान आहे. आपण किती खातो आणि आपल्याला किती लागते, याचे माप कोणीच घेतलेले नसते. उष्मांकांच्या साहाय्याने आहाराची आखणी करण्याची पद्धत हे माप पुरविते. तिचा अर्थ उपासमार नव्हे. शिलकी खात्यातून दरमहा थोडी रक्कम काढून घ्यावी, त्याप्रमाणे शरीरात साठलेल्या मेदातून रोज थोडा भाग खर्ची टाकणे, एवढेच तिचे प्रयोजन आहे.

उष्मांक म्हणजे काय?

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रात एक उष्मांक किंवा किलोकॅलरी म्हणतात. सजीवांच्या शरीरातही एक प्रकारचे मंद ज्वलन चालू असते, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगाने पडताळून पाहिली. बर्फाने वेढलेल्या पात्रात एक गिनीपिग ठेवून, त्याच्या देहातील उष्णतेने किती बर्फ वितळतो हे त्याने आणि लाप्लास याने मोजले. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर याने माणसाला बसता व झोपता येईल एवढे मोठे उष्णतामापक दालन उभारले आणि निरनिराळ्या अन्नघटकांपासून शरीरास प्रत्यक्षात किती ऊर्जा मिळते, हे निश्चित केले. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून ४, एक ग्रॅम प्रथिनापासून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ उष्मांक मिळतात, हे त्याने रूढ केलेले कोष्टक आजही वापरले जाते.

भारतीय अन्नपदार्थांचे असे मापन करण्याचे कार्य कुन्नूर येथे सुरू झाले. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये तेथे सुरू केलेली छोटी प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलेली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके अनेक दशके घरोघरच्या आहारतज्ज्ञांना उपयोगी पडली. २०१७ मध्ये त्याच संस्थेने नवी कोष्टके प्रसिद्ध केली. या लेखातील आकडे अशाच कोष्टकांवर आधारलेले असून हिशेबाच्या सोयीसाठी ते पूर्णांकात घेतले आहेत.

झाशीतील एक पान

आहाराचा हिशेब हवेत करता येत नाही. तो एखाद्या विशिष्ट स्वयंपाकघरात बसूनच करावा लागतो. उदाहरणासाठी झाशीतील मराठी घर घेऊ. नारोशंकर १७४२ मध्ये तेथे सुभेदार झाले, तेव्हापासून पेशव्यांच्या चाकरीनिमित्त मराठी कुटुंबे त्या नगरात स्थिरावत गेली. नेवाळकरांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, तरी ही वस्ती नाहीशी झाली नाही. या घरांतील अन्नावर दोन प्रदेशांची छाप आहे. वरण-भात, पोळी, कोशिंबीर आणि सणाची पुरणपोळी ही एका बाजूची. बुंदेलखंडी कढी, वांग्याचे भरीत, हरभऱ्याचे आणि मुगाचे नाना प्रकार, हिवाळ्यातील तीळ ही दुसऱ्या बाजूची. त्यात बाजारातील सकाळची कचोरी-जिलबी आणि दिवसभरातला चहा यांची भर पडते.

याच भूमीने दुष्काळही पाहिले आहेत. अन्नाची वाण असलेल्या प्रदेशात स्थूलतेची चर्चा करणे कोणाला विपरीत वाटेल. परंतु २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी सुमारे १९ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या. दोन्ही व्यथा एकाच देशात, कित्येकदा एकाच गल्लीत आणि क्वचित एकाच घरातही नांदतात. म्हणूनच सरसकट 'कमी खा' हा उपदेश घातक ठरतो. कोणी कमी खावे, किती कमी खावे आणि काय मुळीच कमी करू नये, हे ठरविणे आवश्यक आहे.

लक्ष्य कसे ठरवावे?

प्रथम वजन खरोखर अधिक आहे किंवा नाही हे पाहावे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे देहभार निर्देशांक मिळतो. भारतीयांच्या शरीरात त्याच वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा मेदाचे प्रमाण अधिक असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या 'बारीक दिसणाऱ्या पण मेदयुक्त' भारतीय देहाकडे जगाचे लक्ष वेधले. त्यामुळे भारतीयांसाठी २३ पासून पुढे वजन अधिक आणि २५ पासून पुढे स्थूलता असे मानण्यात येते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असणे हीसुद्धा धोक्याची खूण आहे.

आता कार्यालयात बैठे काम करणारी ४५ वर्षे वयाची एक स्त्री कल्पू. तिची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ७२ किलोग्रॅम आहे. निर्देशांक २८ येतो. ती काहीही न करता पडून राहिली तरी श्वसन, रक्ताभिसरण इत्यादी क्रियांसाठी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा अंदाज एका सोप्या सूत्राने करता येतो. वजनाची दहापट, अधिक सेंटिमीटरमधील उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट. या बेरजेतून स्त्रियांसाठी १६१ वजा करावे, पुरुषांसाठी ५ मिळवावे. या स्त्रीच्या बाबतीत उत्तर १,३३४ येते. भारतीय प्रौढांत हा खर्च पाश्चात्त्य सूत्रांपेक्षा काहीसा कमी आढळतो, म्हणून तो १,२८० धरू. बैठ्या जीवनक्रमासाठी त्यास १.४ ने गुणले असता दिवसाचा एकूण खर्च १,८०० उष्मांकांच्या आसपास जातो. त्यातून ४०० उष्मांक कमी केले म्हणजे १,४०० हे तिचे रोजचे लक्ष्य ठरते.

घाई का करू नये?

चारशेऐवजी हजार उष्मांक का वगळू नयेत, असा प्रश्न अधीर वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगात सापडते. १९४४-४५ मध्ये छत्तीस निरोगी तरुणांना स्वेच्छेने सुमारे सहा महिने त्यांच्या गरजेच्या निम्म्याजवळ आहार देण्यात आला. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर ते उदास, चिडखोर आणि थंडीने कुडकुडणारे झाले. अन्नावाचून दुसरा विषय त्यांना सुचेना. शरीराने आपला खर्चही कमी केला. प्रयोग संपल्यावर त्यांच्यापैकी अनेक जण अनावर खाऊ लागले. तीव्र उपासमारीत मेदाबरोबर स्नायूही झिजतात आणि गमावलेले वजन परत येते, तेव्हा ते मुख्यतः मेदाच्या रूपाने येते. मंद गती हा दुबळेपणा नसून तेच खरे धोरण आहे.

मंद गतीचेही गणित नीट समजून घेतले पाहिजे. एक किलोग्रॅम मेद म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. रोज ४०० प्रमाणे आठवड्याला २,८०० उष्मांकांची तूट पडते. म्हणजे आठवड्याला सुमारे ३६० ग्रॅम वजन घटावे. हाच हिशेब सरळ पुढे नेल्यास वर्षात १९ किलोग्रॅम घट यावयास हवी. प्रत्यक्षात तसे घडत नाही. वजन उतरते तसा हलक्या झालेल्या देहाचा खर्चही उतरतो आणि तूट दिवसेंदिवस आकुंचित होत जाते. या बदलत्या खर्चाचा विचार करणाऱ्या अलीकडच्या गणितानुसार पहिल्या वर्षात आठ किलोग्रॅमच्या जवळपास घट अपेक्षित धरावी. हे ज्याला ठाऊक नसते, तो सहाव्या महिन्यात काटा रेंगाळलेला पाहून आपल्या निर्धाराला दोष देतो आणि सारेच सोडून देतो. वास्तविक वजनात पाच ते दहा टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांवर हितकर परिणाम दिसू लागतो. ७२ किलोग्रॅमच्या स्त्रीला त्यासाठी साडेतीन ते सात किलोग्रॅम पुरेसे आहेत.

चारशे उष्मांक कोठे लपलेले असतात?

तूट निर्माण करण्यासाठी पोळीवर घाला घालण्याची गरज बहुधा पडत नाही. प्रथम चहाकडे पाहावे. दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, तिचे ४० उष्मांक. अर्धी वाटी, म्हणजे ५० मिलिलिटर म्हशीचे दूध, त्याचे ५५ ते ६०. एक कप जवळजवळ शंभरावर गेला. दिवसातून चार कप घेणाऱ्याचे चारशे उष्मांक केवळ चहातच जातात आणि ते आपण 'खाल्ले' असे त्याला वाटतही नाही. चहा दोन कपांवर आणून साखर एक चमचा आणि दूध गाईचे घेतले, तर तेच प्रमाण ११० वर येते.

दुसरे लपण्याचे ठिकाण म्हणजे तेलाचा डबा. चार माणसांच्या घरात पाच लिटर तेल महिन्याभरात संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे ३४० उष्मांक येतात. तूप, शेंगदाणे आणि खोबरे यांतील स्निग्धांश त्याहून वेगळा. तेल बुधल्यातून कढईत न ओतता लहान चमच्याने मोजून घालावे. एक लहान चमचा ५ ग्रॅमचा, त्याचे ४५ उष्मांक. फोडणी जळू नये एवढ्यासाठी लागणारे तेल आणि सवयीने ओतले जाणारे तेल यांतील अंतर प्रथमच लक्षात येते. बाजारच्या एका कचोरीत ३० ग्रॅम मैदा, १० ग्रॅम डाळ आणि तळताना शोषलेले १० ग्रॅम तेल धरले, तरी २३० उष्मांक होतात.

तिसरे ठिकाण अधिक नाजूक आहे. घरातील गृहिणी बहुधा सर्वांच्या शेवटी जेवते आणि मुलांच्या पानातील उरलेला भात, पातेल्याच्या तळाची खीर, एकटी राहिलेली पोळी तीच संपविते. अन्न वाया जाऊ नये, हा संस्कार त्यामागे असतो. पण अशा अर्ध्या वाटीभर भाताचे आणि दोन घासांचे ७०-८० उष्मांक रोज जमा होत राहतात. अन्न अन्नपूर्णेचा प्रसाद खरा. परंतु त्याचा मान राखावयाचा तर स्वयंपाक मोजून करावा. उरलेल्याची व्यवस्था एकाच देहावर सोपविणे हा त्यावरील उपाय नव्हे.

दिवसाची आखणी

स्वयंपाकघरातील वजनकाटा आठ दिवस वापरला तरी पुरतो. पुढे नजर तयार होते. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीचे १००, तितक्याच तांदळाच्या शिजलेल्या लहान वाटीभर भाताचे १०० आणि ३० ग्रॅम डाळीच्या वाटीभर वरणाचेही १०० उष्मांक होतात. ही तीन मापे पाठ झाली की अर्धा हिशेब तोंडी करता येतो. पोळीस चमचाभर तूप लावले की शंभराचे दीडशे होतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

वरील स्त्रीसाठी १,४०० उष्मांकांचा एक दिवस पुढीलप्रमाणे आखता येईल.

सकाळी गाईच्या दुधाचा, एक चमचा साखरेचा एक कप चहा : ५५
न्याहारीस ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, एक चमचा तेलावर : २२०
मधल्या वेळी एक मध्यम पेरू : ५०
दुपारी दोन पोळ्या, वाटीभर वरण, दुधी किंवा पालेभाजी १५० ग्रॅम, दह्यातील कोशिंबीर, एकूण दीड चमचा तेल : ४६०
तिसऱ्या प्रहरी चहा आणि २० ग्रॅम भाजलेले हरभरे : १३०
रात्री ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, मसुराची उसळ, वांग्याचे भरीत, दीड चमचा तेल, पेलाभर ताक : ४१०
निजताना १०० मिलिलिटर गाईचे दूध, साखरेविना : ६५

बेरीज १,३९० होते. यात प्रथिने सुमारे ५८ ग्रॅम आहेत. प्रौढ भारतीय स्त्रीसाठी २०२० मध्ये शिफारस केलेले ४६ ग्रॅमचे प्रमाण त्यात सहज भागते. ही बाब दुय्यम नाही. उष्मांक कमी करताना डाळी, दूध, उसळी कमी केल्या तर स्नायू झिजतात आणि भूकही लवकर लागते. जे कुटुंब मांसाहार करते, त्याने एखाद्या डाळीच्या जागी अंडे किंवा मासे घेण्यास हरकत नाही.

मराठी पान वाढण्याची पद्धतही येथे साहाय्यक होते. पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूस भाजी, उसळ, आमटी. आणि मध्ये भात-पोळी. ही रचना तशीच ठेवून प्रमाण मात्र बदलावे. डावीकडील कोशिंबीर बोटभर न वाढता वाटीभर वाढावी, उजवीकडील भाजी दुप्पट करावी. मग मध्यभागाचे क्षेत्र आपोआप आटते. दुधी, पडवळ, पालक, वांगी यांच्या शंभर ग्रॅमला बहुधा तिसाहून कमी उष्मांक असतात. पोट भरल्याची जाणीव अन्नाच्या उष्मांकांपेक्षा त्याच्या आकारमानावर अधिक अवलंबून असते, या वस्तुस्थितीचा हा उपयोग होय.

उपवास, सण आणि ऋतू

उपवासाने वजन उतरते, ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट, ५० ग्रॅम बटाटा आणि तीन चमचे तूप यांच्या खिचडीत सुमारे ५९० उष्मांक असतात. प्रथिने मात्र जेमतेम ७ ग्रॅम, आणि तीही बहुतेक दाण्यांची. उपवास पाळावयाचा असल्यास वरी, राजगिरा, दूध, ताक आणि फळे यांवर भर द्यावा.

सणाचा विचार निराळा. एका मोठ्या पुरणपोळीत तुपासह सुमारे ४२० उष्मांक असतात. तिळगुळाच्या २० ग्रॅमच्या लाडवात ९५. होळीला पुरणपोळी नाकारणारा माणस मनाने उपाशी राहतो आणि चार दिवसांनी त्याचा सूड घेतो. त्यापेक्षा ती एक खावी, सावकाश खावी, आणि त्या दिवशी भात व इतर गोड वगळावे. हिशेब एका दिवसाचा न धरता आठवड्याचा धरावा. सात दिवसांची सरासरी लक्ष्याजवळ आली म्हणजे पुरे.

बुंदेलखंडातील उन्हाळ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा भूक मंदावते, पण सरबत, लस्सी आणि बाटलीबंद पेये यांतून साखर शरीरात जाते. तहान पाण्याने, जिरे-मीठ घातलेल्या ताकाने आणि कमी गुळाच्या पन्ह्याने भागवावी.

एकच स्वयंपाक, निराळी पाने

आहारनियोजन मोडते ते बहुधा इच्छाशक्तीच्या अभावी नव्हे. एकीसाठी वेगळा स्वयंपाक रोज होऊ शकत नाही, हे त्याचे खरे कारण असते. म्हणून आखणी अशी असावी की चूल एकच राहील आणि फरक वाढताना पडेल. तेच वरण, तीच भाजी, तीच पोळी. वाढत्या वयाच्या मुलीच्या पोळीवर तूप, वृद्धांच्या पानात मऊ भात आणि दूध, आणि वजन उतरविणाऱ्या व्यक्तीच्या पानात कोरडी पोळी व अधिक भाजी. घरातील कृश व्यक्तीला हे नियम लावणे म्हणजे एक व्यथा घालविण्यासाठी दुसरी निर्माण करणे होय. गरोदर व स्तनदा माता, मुले, क्षयासारख्या दीर्घ आजारातून उठलेली माणसे यांनी उष्मांक घटवू नयेत. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून जेवण कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. इतर कोणीही स्वतःच्या मताने १,२०० उष्मांकांच्या खाली जाऊ नये.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर, न्याहारीपूर्वी आणि त्याच काट्यावर घ्यावे. पहिल्या पंधरवड्यात ते झपाट्याने उतरते. त्यात बराच भाग यकृत व स्नायूंतील साखरेच्या साठ्याबरोबर बाहेर पडलेल्या पाण्याचा असतो. त्याने हुरळून जाऊ नये. पुढे एखादा आठवडा काटा हलला नाही, तर खचूनही जाऊ नये. सलग चार आठवडे घट दिसली नाही, तर मात्र मापे पुन्हा तपासावीत. वाटी मोठी झाली आहे काय, चहाचा तिसरा कप परतला आहे काय, हे पाहावे. रोज अर्धा तास झपाट्याने चालण्याची जोड दिली तर स्नायू टिकतात आणि उतरलेले वजन टिकविणे सुकर होते.

वर्षाअखेर या स्त्रीचे वजन ६४ किलोग्रॅमच्या आसपास आले, तर तिने कोणताही पदार्थ कायमचा सोडलेला नसेल, घरात दुसरी चूल पेटलेली नसेल आणि तिच्या मुलीचे पोषणही उणे झालेले नसेल. तिच्या पानातील बदल एवढाच असेल की त्यावर काय व किती वाढले आहे, हे तिला ठाऊक असेल. वजन स्थिर झाल्यावर वजनकाटा फडताळात ठेवून दिला तरी चालतो. हे ज्ञान मात्र नित्य वापरात ठेवावे लागते.